कुलपाच्या दोन ओळी

पडद्यावर बाळकृष्ण बारटक्के उमटले आणि चारशे माणसांचं सभागृह क्षणभर गप्प झालं. फोटोत झुपकेदार मिशी, रुंद कपाळ, विजेच्या खांबावर चढणाऱ्या माणसाची करारी नजर. खाली ठळक अक्षरांत माहिती : उंची पाच फूट एक इंच. शिक्षण बी.ए., गृहविज्ञान. छंद रांगोळी, भरतकाम. अपेक्षा : मुलगा निर्व्यसनी आणि सरकारी नोकरीतला असावा.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्यांचाच बांध सुटला.

बारटक्के स्वतः स्टेजवर माइक धरून उभे होते. उंची सहा फुटांच्या आसपास. त्यांनी मान वळवून पडदा सावकाश, खालपर्यंत वाचला.

"मिशी माझी आहे," ते माइकवर म्हणाले. "बाकीचं ज्याचं असेल त्यानं घेऊन जावं."

टाळ्या पडल्या. स्टेजच्या पायथ्याशी कॉम्प्युटरच्या टेबलावर मी बसले होते, मीही हसले. माझ्या शेजारी बसलेला इर्शाद मात्र हसला नाही. तो पडद्याकडं असा बघत होता, की जणू त्याच्या घरात कुणीतरी परका माणूस कपडे वाळत घालतोय.

"नाव-फोटो नवा आणि माहिती आधीच्या मुलीची," तो पुटपुटला. "हे होऊच शकत नाही."

"एखादं होतं असं."

"होत नाही, मैथिली. मधे कुलूप आहे."

मी बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायले. तहान लागली नव्हती.

गोष्ट दोन हजार चार सालची, मिरजेतल्या एका मंगल कार्यालयातली. आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा होता. माझी सुलभाआत्या मंडळाची सचिव. दोन वर्षं ती मला मेळाव्यात उभी करायच्या खटपटीत होती आणि दोन वर्षं मी पुण्यातल्या नोकरीच्या आड लपत होते. शेवटी तह झाला. मी येईन, पण कॉम्प्युटरवाली म्हणून. उमेदवारांची माहिती मोठ्या पडद्यावर दाखवायचा प्रोग्राम फुकटात करून देईन. बदल्यात माझा फॉर्म कुणी भरायचा नाही. आत्याला हा सौदा तेव्हा पटला, कारण तिचा हिशेब वेगळा होता. टेबलावर बसलेली मुलगीही लोकांना दिसतेच.

इर्शाद मुलाणी माझ्या कंपनीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. तासगावचा. कारखान्यांतल्या यंत्रांची मोजमापं स्क्रीनवर दाखवणारे प्रोग्राम आम्ही दोघं लिहायचो. आकडे गोळा करणारा भाग माझा, दाखवणारा त्याचा. मेळाव्याचं सांगितल्यावर तो म्हणाला, "जेवायला काय आहे?" मी म्हटलं, मसालेभात आणि जिलेबी. तो आला.

कारखान्यातली पद्धत आम्ही जशीच्या तशी उचलली होती. दोन स्वतंत्र प्रोग्राम, म्हणजे एक कोसळला तरी दुसरा उभा. माझा प्रोग्राम उमेदवाराची माहिती आणायचा, इर्शादचा ती पडद्यावर रंगवायचा. दोघांच्या मधे कॉम्प्युटरच्या मेमरीचा एक तुकडा, दोघांनाही दिसणारा. शाळेतला फळा समजा. मी फळ्यावर लिहायचं, त्यानं बघून उतरवून घ्यायचं. निरोप्या नाही, चिठ्ठ्या नाहीत, त्यामुळं काम झटपट. धोका एकच. माझं लिहून व्हायच्या आत त्यानं उतरवायला घेतलं, तर वरच्या ओळी नव्या आणि खालच्या कालच्या, असं काहीतरी त्याच्या वहीत जाणार. म्हणून कुलूप. मी लिहिताना कुलूप लावायचं, संपलं की काढायचं. कुलूप लागलेलं असेल तर त्यानं थांबायचं. माझ्या प्रोग्राममधे याच्या दोनच ओळी होत्या, आणि त्या मला लिहायला लावल्या होत्या इर्शादनं.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही रंगीत तालीम घेतली. नावं आणि फोटो आमच्याच मशीनवर होते, पण बाकीची माहिती मंडळाच्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरून लांबलचक वायरीतून यायची. कधी अर्ध्या सेकंदात, कधी तीन सेकंदांत. तेवढा वेळ माझं कुलूप लागलेलं, इर्शादचा प्रोग्राम दाराबाहेर ताटकळत, आणि पडदा पांढराफट्ट.

अण्णा मांढरे, मंडळाचे अध्यक्ष, कापडाचे व्यापारी, कमरेवर हात ठेवून उभे होते.

"हे पांढरं काय?"

"थांबतंय अण्णा, माहिती येईपर्यंत."

"दोनशे साठ उमेदवार आहेत. दर वेळेला असा कोरा पडदा बघत बसायचं? मेळावा आहे का दहावा?"

इर्शाद जादाची वायर आणायला बाजारात गेला होता. मी प्रोग्राम उघडला आणि कुलपाच्या दोन्ही ओळी बंद करून टाकल्या. मनात हिशेब केला, की लिहिणं आणि वाचणं नेमकं एकाच क्षणी व्हायला किती मोठं दुर्दैव लागेल. पुन्हा चालवून बघितलं. पडदा सरसर हलायला लागला. मी दहा उमेदवार पाहिले, दहाही ठीक निघाले. ऑफिसातला म्हातारा कॉम्प्युटर तेवढ्यापुरता झोपेतून उठला असावा.

"शाबास," अण्णा म्हणाले. "याला म्हणतात आपल्या समाजाची पोरगी."

ती शाबासकी मी ठेवून घेतली. इर्शाद वायर घेऊन आला तेव्हा सांगणारच होते. पण तो लगेच शिडीवर चढला, मग दीपप्रज्वलन सुरू झालं, मग अण्णांचं भाषण. सांगायचं राहून गेलं, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते.

बारटक्क्यांनंतर आणखी दोघांचं असंच झालं. एकाच्या नावाखाली पाच फूट उंची, दुसऱ्याच्या नावाखाली नऊवारी नेसायची आवड. लोक आता त्याचीच वाट बघायला लागले होते. इर्शादला प्रोग्राम उघडून बघायचा होता. मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत बघू, आत्ता चालू राहू दे.

क्रम असा होता : एक मुलगा, एक मुलगी, आलटून पालटून. ते संपले की पुनर्विवाहाचे उमेदवार. हे मंडळानं मुद्दाम शेवटी ठेवले होते, जेवणानंतर, लोकांना गाड्या पकडायच्या असतात त्या वेळेला. पण अण्णांच्या घाईमुळं आम्ही वेळेच्या पुढं होतो, त्यामुळं यादीतलं पहिलं पुनर्विवाहाचं नाव जेवणाआधीच आलं. रेवती पतंगे. तिच्या आधीची मुलगी होती तेवीस वर्षांची, प्रथम विवाह, गोरी, गृहकृत्यदक्ष.

कुठली माहिती कुणाच्या खाली चिकटली, हे आता वेगळं सांगायला नको. चाळीस सेकंद ती पडद्यावर राहिली. या वेळी कुणी हसलं नाही, कारण हसण्यासारखं त्यात काहीच दिसत नव्हतं. रेवती स्टेजवर उभी होती, पडद्याकडं पाठ करून. तिनं नाव सांगितलं, नमस्कार केला आणि खाली उतरली. मग जेवणाची घोषणा झाली.

इर्शादनं माझ्या हाताखालून कीबोर्ड ओढला आणि माझा प्रोग्राम उघडला. मी म्हटलं, आधी जेवून घेऊ. स्क्रीनवर ओळी सरकत होत्या. मग त्या सरकायच्या थांबल्या. मला वाटलं, तो अजून शोधतोय.

तेवढ्यात भोजनगृहाच्या दारातून आवाज चढले. इचलकरंजीचं उंडाळे कुटुंब, म्हणजे वडील, आई आणि मधे मुलगा, रेवतीच्या वडिलांना घेरून टेबलाकडं येत होतं. पतंगे काका सत्तरीचे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांच्या हातात जिलेबीची ताटली होती.

"तेवीस वर्षं, प्रथम विवाह," उंडाळेबाई सांगत होत्या. "मी टिपून घेतलंय. हे बघा. आम्ही बोलायला गेलो, पोराशी गाठ घालून दिली, आणि मग ही बाई म्हणते माझा घटस्फोट झालाय."

"फॉर्ममधे मी सगळं खरं लिहिलंय," पतंगे काका म्हणाले.

"मग पडद्यावर कसं बदललं? कॉम्प्युटरवाल्याला चहापाणी केलं असेल."

लोक ताटं घेऊन जमले. मसालेभात खात खात भांडण बघायची सोय रोज मिळत नाही. अण्णा मांढरे वाट काढत आले, पाठोपाठ आत्या. अण्णांनी टेबलाकडं बघितलं, माझ्यावरून नजर पुढं नेली आणि इर्शादवर थांबवली.

"पडदा तुमचा ना?"

"हो," इर्शाद म्हणाला.

"नाव काय म्हणालात तुमचं?"

सकाळपासून त्यांनी त्याला चार वेळा नावानं हाक मारली होती.

"इर्शाद मुलाणी."

"हां," अण्णा म्हणाले. नुसतं हां. मग आत्याकडं वळले. "सुलभाताई, मी तेव्हाच म्हणालो होतो. घरच्या कार्याला घरचीच माणसं बरी."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी कीबोर्डकडं बघितलं. त्यावर एका जिलेबीचा पाक सांडला होता आणि तो मी नखानं खरवडून काढत होते. हे मला आजही स्वच्छ आठवतं. बाकी सगळ्यांना वाटलं असेल, पोरगी काहीतरी तांत्रिक काम करतेय.

"चूक झाली आहे," इर्शाद म्हणाला. "दुरुस्त करतो."

"चूक का मुद्दाम?" उंडाळेबाईंनी विचारलं. "समाजाची चेष्टा करायला आलाय काय? आधी त्या बारटक्के वायरमनची केली, आता आमची."

"मुद्दाम नाही."

"मग कशी झाली? सांगा की चारचौघांत."

तो सांगत नव्हता. मला वाटत होतं, हा मला वाचवतोय. खोटं कशाला बोलू, त्या गर्दीत मला त्याचं फार कौतुक वाटलं. किती मोठा माणूस आहे हा, असं मी मनात म्हणत होते आणि पाक खरवडत होते. आणखी कुणी काही बोललं, कुणी म्हणालं पोलिसांत द्या, कुणी म्हणालं जाऊ द्या आधी जेवा. एका काकांनी इर्शादच्या दंडाला धरून त्याला खुर्चीवरून उठवलं. त्यानं हात सोडवून घेतला नाही. मी हे सगळं बघितलं आणि तरीही माझ्या तोंडून काही निघालं नाही. अण्णांची सकाळची शाबासकी, आत्याचं तोंड, घरी कळल्यावर येणारा बाबांचा फोन, हेच डोळ्यांपुढं येत होतं.

मग रेवती आली. तिनं आधी वडिलांच्या हातातली ताटली काढून घेतली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. मग गर्दीला बाजूला करून टेबलापाशी उभी राहिली. एकतीस वर्षांची, सडपातळ, मिरजेतल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करणारी. हे मी तिच्या खऱ्या माहितीत वाचलं होतं.

"मला समजेल असं सांगा," ती इर्शादला म्हणाली. "माझ्या नावाखाली दुसरीची माहिती कशी आली?"

"दोन प्रोग्राम एकाच जागेवर काम करतात," इर्शाद म्हणाला. "एक लिहितो, एक वाचतो. लिहिणं अर्धं झालेलं असताना वाचलं गेलं."

"आमच्याकडं एका नळीवर नाव घालताना दुसऱ्यानं ती उचलली, तर माणसाला भलतंच औषध जाईल. म्हणून लिहून होईपर्यंत नळीला कुणी हात लावत नाही. तुमच्यात तसा नियम नसतो?"

"असतो," इर्शाद म्हणाला आणि थांबला.

तिनं वाट बघितली.

"होता," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की मला पुन्हा म्हणावं लागलं. "नियम होता. कुलूप होतं. मी काढलं. सकाळी. याला माहीत नव्हतं."

"काय काढलं?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हाला पांढरा पडदा नको होता म्हणून कुलूप काढलं, अण्णा. पडद्याचा काही दोष नाही. चूक माझी आहे, आणि मघापासून गप्प बसलेय तीही मीच."

आत्या म्हणाली, "मैथिली, नंतर बोलू." पण रेवती तोवर स्टेजकडं चालायला लागली होती. "इथं नको," ती मला म्हणाली. "माझी माहिती चारशे लोकांपुढं चुकलीय. चारशे लोकांपुढं सांगा."

मी सांगितलं. माइकवर माझा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. फळा, लिहिणारा, उतरवणारा आणि कुलूप. लोकांना कळलं, इतकं कळलं की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "मग ज्यांचं बरोबर दाखवलं, ते तरी बरोबर आहे का?" मी म्हटलं, सगळे पुन्हा तपासून सांगते. बारटक्के उभे राहून म्हणाले, माझी उंची पहिली तपासा.

अण्णा माइक घ्यायला पुढं आले. "झाली ती चूक सुधारली जाईल. पतंगेंच्या कन्येचं नाव पुनर्विवाहाच्या सत्रात, चार वाजता, नियमानुसार पुन्हा..."

"आत्ता," रेवती म्हणाली.

"सत्राप्रमाणं..."

"चार वाजता इथं कोण असतं, अण्णा? खुर्च्या गोळा करणारे."

मी खाली टेबलाकडं आले तेव्हा इर्शाद तिथं परत येऊन बसला होता. त्यानं माझ्याकडं न बघता कीबोर्ड माझ्या पुढ्यात सरकवला. मी कुलपाच्या दोन ओळी पुन्हा चालू केल्या. पडदा पांढरा झाला. एक सेकंद, दोन, तीन. सभागृहात कुणी हललं नाही. मग रेवतीचा फोटो आला, आणि खाली तिची स्वतःची माहिती : वय एकतीस, घटस्फोटित.

तिनं या वेळी पडद्याकडं तोंड केलं आणि सगळं वाचून बघितलं. मग माइक घेतला.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली. "घटस्फोटाचं कारण कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा. वडिलांना विचारू नका. त्यांचं जेवण राहिलंय."

ती खाली उतरून वडिलांसाठी दुसरी ताटली आणायला गेली.

दुपारी इर्शादनं जेवण सोडून अर्ध्या तासात सगळं नीट बसवलं. फळे दोन केले. मी मागच्या फळ्यावर निवांत लिहायचं, लागेल तेवढा वेळ. पूर्ण झालं की क्षणभर कुलूप लावून फळ्यांची अदलाबदल. पडद्याला थांबावं लागत नाही आणि अर्धवट काही दिसत नाही. हे सकाळीच सुचायला हवं होतं. सुचलं असतंही, मी त्याला विचारलं असतं तर. संध्याकाळपर्यंत एकही माहिती चुकली नाही आणि लोकांची थोडी निराशा झाली.

रेवतीचं त्या मेळाव्यात काही जमलं नाही. दोन वर्षांनी तिनं दवाखान्यातल्याच एका माणसाशी लग्न केलं, मंडळाला न विचारता. उंडाळ्यांच्या मुलाचं काय झालं मला माहीत नाही. माझ्यापुरता मात्र फायदा झाला. समाजात मी 'कुलूप काढणारी' म्हणून प्रसिद्ध झाले आणि आत्यानं पुन्हा माझ्यासाठी स्थळ आणलं नाही.

सहा वाजता आम्ही दोघं स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभे होतो. मला वाटलं, आता आभार मानायला हवेत.

"तू मला सांभाळून घेतलंस," मी म्हणाले. "मी विसरणार नाही."

"मी कुणाला सांभाळलं नाही," इर्शाद म्हणाला.

"म्हणजे तुला कळलंच नव्हतं, की मी..."

"प्रोग्राम उघडल्या उघडल्या कळलं. दोन ओळी बंद होत्या. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी बदल केलेला. मी तेव्हा बाजारात होतो."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही. एखाद्या नवीन पोराला सोपी गोष्ट समजावताना बघावं तसं.

"काय बोलणार होतो? मी नाही, हिनं केलं? तिथं, त्या लोकांत? माझं नाव विचारल्यावर ते कसे हां म्हणाले, ऐकलंस ना? मी तुझ्याकडं बोट दाखवलं असतं, तर वर आणि समाजाच्या पोरीवर ढकलतोय असं झालं असतं. मग दंडाला धरून उठवलं नसतं नुसतं." तो गाडीच्या वाटेकडं बघायला लागला. "तिथं तुझ्या एकटीचंच बोलणं चाललं असतं. दुसऱ्या कुणाचं नाही. मी तुझी वाट बघत होतो."

"मी बोलले की."

"हो."

"पाच-सात मिनिटं गेली असतील मधे."

"एकवीस," इर्शाद म्हणाला.

तेवढ्यात गाडी आली, खच्चून भरलेली. आम्ही धक्के खात आत शिरलो. मधल्या रांगेत एकच जागा रिकामी होती. दर वेळी अशी जागा तो मला द्यायचा आणि मी घ्यायचे, त्यात कधी बोलणंसुद्धा व्हायचं नाही. त्या संध्याकाळी तो तिथं बसला, बॅग मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. मी वरचा दांडा धरला. कराडपर्यंत उभी होते. त्यानं विचारलं नाही, आणि मी मागितली नाही.